रिमोट हातात घेण्याआधी प्रश्न ठरवा

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपशीर करून देत आहे.

"माझे वय 56 आहे. दीड वर्षापूर्वी मुलाने बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिले. त्याआधी मला काही माहिती हवी असली की मी संगणकावर टाइप करून शोधत असे, चार पाने उघडून वाचत असे आणि उपयोगाचे वाटले तेवढे वहीत उतरवून घेत असे. आता घरात कुणालाही काहीही हवे असले की टीव्ही लावला जातो. रिमोटने टाइप करण्याचा कंटाळा येतो, म्हणून एखादा शब्द घालून जे समोर येईल ते आम्ही पाहतो. मागच्या महिन्यात माझ्या शिलाई मशीनवर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ होऊ लागली. उपाय शोधायला बसले आणि पावणेदोन तासांनी उठले, तेव्हा पडदे शिवण्याच्या सात पद्धती मला ठाऊक झाल्या होत्या. मशीन मात्र होते तसेच होते आणि अजूनही तसेच आहे. दुसरी गोष्ट संकोचाची आहे. गुडघेदुखी आणि रजोनिवृत्ती यांबद्दल मी काही शोधले होते. पाहुणे बसलेले असताना कुणीतरी शोधाची चौकट उघडली आणि ते शब्द सगळ्यांसमोर आले. शिवाय आता लांब लेख वाचायला घेतला तर मन लागत नाही. यजमान म्हणतात, काळ बदलला, आता कोण वाचत बसतो? मी जुन्या सवयीकडे परतावे, की काळाबरोबर चालावे?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत आणि मला त्यांपैकी एकही पटत नाही. टीव्ही बंद करून संगणकाकडे परत जाण्याचे कारण नाही, आणि जे चालले आहे ते काळाच्या नावावर खपवण्याचेही नाही. तुमच्या घरात झाले आहे ते असे, की शोधणे आणि पाहणे ही दोन वेगळी कामे एकाच यंत्राच्या गळ्यात पडली. टीव्हीला त्यांतले दुसरे काम उत्तम येते आणि पहिले जवळजवळ येतच नाही. त्यामुळे माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर टीव्हीवर शोधणे सोडून द्या, पाहणे खुशाल चालू ठेवा. हे कसे करायचे आणि का करायचे, ते आता सविस्तर लिहितो.

आधी यजमानांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी 2025 च्या सुरुवातीला जाहीर केले, की अमेरिकेत यूट्यूब पाहण्याच्या वेळेचा हिशेब केला तर टीव्हीने मोबाइललाही मागे टाकले आहे आणि एकूण टीव्ही संचांवर रोज सरासरी 100 कोटी तासांहून अधिक यूट्यूब पाहिले जाते. शोधाच्या सवयींबद्दल बोलायचे, तर 2022 मध्ये गूगलचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन यांनी एका जाहीर चर्चेत सांगितले होते, की त्यांच्या पाहणीनुसार जवळजवळ 40 टक्के तरुण दुपारी जेवायला कुठे जायचे हे ठरवताना गूगलकडे न येता टिकटॉक किंवा इन्स्टाग्राम उघडतात. सवयी बदलल्या आहेत, यात वाद नाही. परंतु लोक अमुक करतात एवढ्यावरून ते तुमच्या कामाचे आहे असे सिद्ध होत नाही, आणि तुमच्या बाबतीत ते कामाचे नाही हे त्या पावणेदोन तासांनी दाखवूनच दिले आहे.

आता त्या रिमोटकडे जरा जवळून पाहू. पडद्यावरचा कीबोर्ड सहा-सहा अक्षरांच्या ओळींत मांडलेला आहे, अक्षरे इंग्रजी वर्णक्रमाने आहेत आणि चौकट पहिल्या अक्षरावर, म्हणजे 'ए'वर उभी आहे असे समजा. तुम्हाला इंग्रजीत 'सायकल' हा पाच अक्षरी शब्द लिहायचा आहे. 'सी'साठी दोनदा उजवीकडे जाऊन एकदा ओके, म्हणजे तीन वेळा बटण दाबले. तिथून 'वाय' पार शेवटच्या ओळीत आहे: चारदा खाली, दोनदा डावीकडे आणि ओके, म्हणजे सात. पुन्हा 'सी'कडे परतायला तितकेच सात. 'एल'साठी पाच, 'ई'साठी तीन. पाच अक्षरांसाठी बटण 25 वेळा दाबावे लागले, आणि यात एकही चूक झालेली नाही असे धरले आहे. ज्या साधनावर एका शब्दाला एवढे कष्ट पडतात, त्या साधनावर माणूस दुसरा शब्द लिहीत नाही. हा तुमचा आळस नाही, ती त्या यंत्राची घडण आहे. तुमच्या मनातला खरा प्रश्न होता "शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ का होते", आणि टीव्हीच्या वाट्याला त्यातले आले फक्त "शिलाई मशीन". ज्या प्रश्नातून अडचणच गळून पडली, त्याला उत्तर म्हणून पडदे आले तर त्यात नवल नाही.

निकालांची मांडणी हा याचाच पुढचा भाग आहे. टीव्हीच्या पडद्यावर काय कसे दिसावे हे आखणारे लोक त्यांच्या कामाला 'टेन फूट इंटरफेस' म्हणतात, म्हणजे साधारण 10 फुटांवर बसलेल्या माणसाला दिसेल अशी मांडणी. तेवढ्या अंतरावरून बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून चित्रे मोठी करावी लागतात आणि मजकूर कमी करावा लागतो. संगणकावर तुम्ही निकालांची यादी पाहत होतात तेव्हा पान कुणाचे आहे, कधीचे आहे, त्यात तुमचे शब्द कोणत्या संदर्भात आले आहेत, हे उघडण्याआधीच दोन ओळींतून तुमच्या लक्षात येत असे आणि दहांपैकी सात पाने तुम्ही न उघडताच बाजूला सारत होतात. ती निवड हेच शोधण्यातले खरे कौशल्य होते. टीव्हीवर त्या जागी मोठे डोळे केलेले चेहरे आणि ठळक अक्षरांतले मथळे असतात. आपण चेहऱ्यावरून निवडतो, आणि निवडलेले संपताच पुढचे आपोआप सुरू होते. व्हिडिओखालच्या वर्णनात दिलेले दुवे टीव्हीवरून उघडून वाचण्याची सोयही जवळजवळ नसतेच, त्यामुळे सांगणाऱ्याने आधार काय घेतला आहे हे तपासण्याचा रस्ता तिथेच संपतो.

व्हिडिओ लांबट का असतात, हेही एकदा समजून घ्या, म्हणजे वेळ गेल्याचा दोष पूर्णपणे स्वतःकडे घेणार नाही. यूट्यूबने 2012 मध्ये आपल्या क्रमवारीत बदल केला आणि किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक वजन दिले. पुढे 2020 च्या जुलैपासून मधल्यामध्ये जाहिराती दाखवण्यासाठी व्हिडिओची किमान लांबी 10 मिनिटांवरून 8 मिनिटांवर आली. ज्याचे उत्पन्न या हिशेबावर अवलंबून आहे, तो दीड मिनिटाचे उत्तर दीड मिनिटात का देईल? त्यात लबाडी असतेच असे नाही. पण तुमचे उत्तर नवव्या मिनिटाला असण्याची शक्यता पहिल्या मिनिटापेक्षा जास्त असते, एवढे गृहीत धरून बसावे.

तेव्हा उपाय असा. शोध फोनवर घ्या आणि सापडलेली नेमकी गोष्ट टीव्हीवर पाठवा. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असतील, तर यूट्यूबसारख्या ॲपमध्ये टीव्हीच्या चौकटीचे आणि लहरींचे छोटे चिन्ह दिसते. त्यावर बोट ठेवले की व्हिडिओ टीव्हीवर सुरू होतो. चिन्ह दिसत नसेल, तर टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये फोन जोडण्यासाठी एक कोड मिळतो, तो फोनवर एकदा टाकावा लागतो. गूगलने 2013 मध्ये क्रोमकास्ट हे टीव्हीला जोडायचे छोटे यंत्र आणले तेव्हापासून ही पद्धत घरोघरी पोहोचली. तिची गंमत अशी, की व्हिडिओ फोनमधून टीव्हीकडे जातच नाही. फोन फक्त निरोप देतो आणि टीव्ही तो व्हिडिओ इंटरनेटवरून स्वतः उतरवून घेतो. त्यामुळे व्हिडिओ चालू असताना फोन तुमच्या हातात मोकळा राहतो, आणि त्यावर तुम्ही वाचू शकता किंवा पुढचा प्रश्न शोधू शकता. फोनवर पूर्ण वाक्य मराठीत लिहिता येते. लिहायचा कंटाळा असेल तर माइकचे चिन्ह दाबून बोला. गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत 2017 पासून मराठी आहे. रिमोटवरच्या माइकमध्येही बोलता येते, पण तिथे टीव्हीची भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर 'गुंतवळ' या शब्दाचे काय होईल ते सांगता येत नाही, आणि चुकलेला शब्द दुरुस्त करायला पुन्हा तीच अक्षरांची जाळी समोर येते.

एक सावधगिरी मात्र स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. व्हिडिओ पाठवणे वेगळे आणि फोनचा अख्खा पडदाच टीव्हीवर उमटवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला मिररिंग म्हणतात आणि दोन्हींची चिन्हे सारखीच दिसतात. घरी जमलेल्या नातेवाइकांना प्रवासाचे फोटो दाखवताना मी ही गल्लत केली. सातव्या-आठव्या फोटोवर एका मित्राचा निरोप पडद्याच्या वरच्या बाजूला उतरला. त्यात समोर बसलेल्यांपैकीच एकाबद्दल चार शब्द होते आणि ते 43 इंची पडद्यावर सर्वांना आरामात वाचता येत होते. त्या दिवसापासून मी मिररिंग करत नाही. करावेच लागले, तर आधी सूचना बंद करतो.

यातून आपण तुमच्या संकोचाच्या प्रश्नावर आलो. तुम्ही त्याला दुसरे स्थान दिले आहे, मला तो पहिल्या इतकाच महत्त्वाचा वाटतो. शोधाच्या चौकटीत माणूस जे लिहितो ते पुष्कळदा त्याने घरातल्या कुणालाही सांगितलेले नसते. बैठकीची खोली ही सर्वांची जागा आहे आणि तिथल्या टीव्हीवर जे खाते चालू असते त्याची आठवणही सर्वांची होते. गुडघेदुखी किंवा रजोनिवृत्ती यांत लाजण्यासारखे काही नाही, हे मी सांगण्याची गरज नाही. पण ते कुणाला कळावे हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तो रिमोट धरणाऱ्याकडे जाता कामा नये. मुलाला सांगून टीव्हीवर घरासाठी म्हणून एक स्वतंत्र खाते लावून घ्या. तुमच्या फोनवरचे खाते टीव्हीवर मुळीच नको, कारण दोन्हीकडे एकच खाते असेल तर फोनवर गुपचूप शोधलेलेही टीव्हीच्या चौकटीत उगवते. आत्ता जे शब्द साठलेले आहेत ते त्या खात्याच्या इतिहासात जाऊन एकेक पुसता येतात किंवा सगळेच एकदम पुसता येतात. अधिक खासगी काही असेल तेव्हा फोनच्या ब्राउझरमधली खासगी खिडकी वापरा. तिचा उपयोग एवढाच, की त्या फोनवर इतिहास राहत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्यापासून किंवा उघडलेल्या संकेतस्थळापासून ती काही लपवत नाही.

स्वतंत्र खात्याचा आणखी एक लाभ होईल. सध्या तुमच्या टीव्हीवर जे सुचवले जाते ते तिघांच्या आवडींचे कडबोळे आहे, त्यामुळे ते कुणाच्याच उपयोगाचे नाही. यंत्राला तुमच्या घरात तीन माणसे आहेत हे ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने क्रिकेट, गाड्या आणि पडदे यांची आवड असलेली, गुडघे दुखणारी एकच व्यक्ती तिथे राहते.

आता वाचनाविषयी. सगळेच वाचून कळते असा माझा दावा नाही. हाताची हालचाल, यंत्रातली खाच, आवाजातला फरक, व्यायाम करताना पाठ कशी ठेवायची, या गोष्टी दहा ओळींपेक्षा दहा सेकंदांच्या चित्रातून लवकर कळतात, आणि त्या मोठ्या पडद्यावर तर उत्तमच दिसतात. पण आकडा, तारीख, नियम, औषधाचे प्रमाण, दोन गोष्टींची तुलना, हे सारे अक्षरांतच शोधावे. तिथे डोळा मागे जाऊ शकतो, एक ओळ पुन्हा वाचू शकतो आणि नको तो परिच्छेद ओलांडू शकतो. तुमच्या गुडघ्यांच्या बाबतीत हा फरक पाळा. कोणता व्यायाम करायचा हे डॉक्टरांकडून ठरू द्या, दुखण्याविषयीची माहिती एखाद्या रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय संस्थेच्या पानावर वाचा, आणि तो व्यायाम करायचा कसा तेवढे टीव्हीवर पाहा. हा क्रम उलटला, तर सर्वांत आत्मविश्वासाने बोलणारा माणूस तुमचा वैद्य होऊन बसतो.

व्हिडिओ आणि वाचन यांच्या मध्येही एक रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. फोनवर किंवा संगणकावर यूट्यूबच्या बऱ्याच व्हिडिओंच्या वर्णनात बोललेल्या मजकुराची प्रत उघडता येते. संगणकावर ती उघडून पानात शब्द शोधायची सोय वापरली, की तुमचा शब्द कितव्या मिनिटाला उच्चारला गेला ते कळते आणि थेट तिथे जाता येते. काही व्हिडिओंना 2020 पासून प्रकरणे पाडलेली दिसतात. पुस्तकाची अनुक्रमणिका पाहावी तशी ती पाहावीत. वीस मिनिटांच्या व्हिडिओत तुमच्या कामाची दोन मिनिटे आहेत हे आधी कळले, तर तेवढीच टीव्हीवर पाठवायची. शोधयंत्रे हल्ली निकालांच्या वरच तयार उत्तर लिहून देतात. गूगलने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली अशी उत्तरे 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेत सुरू केली आणि नंतर ती इतरत्र पसरली. ती उत्तरे वाचायला सोपी असतात आणि कधी कधी धडधडीत चुकीचीही असतात, म्हणून खाली दिलेल्यांपैकी निदान एक पान उघडल्याशिवाय त्यांवर विसंबू नका.

लांब लेखात मन लागत नाही, याचे खापर वयावर फोडू नका. मला तर असे वाटते, की तुमची वाचण्याची सवय सुटण्याआधी विचारण्याची सवय सुटली. वहीत उतरवून घेणारी बाई आधी प्रश्न घेऊन बसते; प्रश्न असला की लेखात काय शोधायचे ते ठाऊक असते आणि लांबी त्रास देत नाही. म्हणून ती वही पुन्हा काढा, मात्र या वेळी तिचा उपयोग उलट्या बाजूने करा. काहीही शोधण्याआधी अडचण एका पूर्ण वाक्यात वहीत लिहा. काय बिघडले, कधी बिघडते, आधी काय करून पाहिले, एवढे त्यात आले की तेच वाक्य फोनवर घाला. शोधयंत्राला व्याकरण लागत नाही, पण तुम्हाला ते वाक्य लागते. उत्तर मिळाले की त्याच्याखाली दोन ओळी लिहा आणि थांबा. पाहण्यासारखे दुसरे काही वाटेत दिसले, तर ते फोनवरच्या 'नंतर पाहा'च्या यादीत टाका आणि रात्री सगळे बसलेले असताना टीव्हीवर पाठवा. पडद्यांच्या सात पद्धती त्या वेळी जरूर पाहाव्यात. त्यांत वाईट काहीच नाही, त्या फक्त चुकीच्या वेळी आल्या.

यजमानांशी आणि मुलाशी वाद घालू नका. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमधले पुढचे आपोआप सुरू होणे तेवढे बंद करायला सांगा. व्हिडिओ संपल्यावर पडदा शांत राहिला, की पुढे काय हे कुणीतरी बोलून ठरवावे लागते, आणि तुमच्या घरात पुष्कळ दिवसांत ते ठरवले गेले नसावे असा माझा अंदाज आहे.

राहता राहिले मशीन. वरीलप्रमाणे पूर्ण वाक्य घालून मी शोधून पाहिले आणि घरच्या मशीनवर ताडूनही पाहिले. गुंतवळ खाली दिसते, म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली असताना दोरा ओवला, तर तो दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसत नाही, सैल राहतो आणि कापडाखाली गोळा होतो. वरचा दोरा पूर्ण काढा, फूट वर उचला, दोरा पहिल्यापासून ओवा आणि मग फूट खाली करून तो हाताने हलकेच ओढा; हाताला ओढ जाणवली पाहिजे. त्यानंतर चिंधीची दुहेरी घडी घेऊन वीसएक टाके घाला. तरीही गुंतवळ झाली तर सुई बदला आणि बॉबिनच्या खाचेत अडकलेले धागे ब्रशने काढा. मशीनचा प्लग मात्र आधी काढून ठेवा.